पापणीवरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग

‘मेकअप’ हा शब्द वाचून पान उलटायला निघालेल्या तमाम मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांनो, जरा थांबा! या लेखात प्रोजेक्शन आहे, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स आहे, कॅमेऱ्याचा सेन्सर आहे आणि व्हायवाला कुणीही विचारणार नाही असं बरंच काही आहे. मैत्रिणींनो, तुम्हाला थांबा म्हणायची गरज नाही, हे मला माहीत आहे!

विषय आहे ‘ग्राफिक आय मेकअप’, म्हणजे फोटोसाठी डोळ्यांवर काढलेले ठळक, रंगीत, भौमितिक आकार. आपलं रोजचं काजळ किंवा लायनर डोळ्याच्या आकाराला धरून चालतं. ग्राफिक मेकअपमध्ये मात्र पापणीवर निळा त्रिकोण येतो, भुवईखाली एक पिवळी रेघ तरंगते, डोळ्याखाली तीन लाल ठिपके बसतात. हा मेकअप करून कुणी लेक्चरला बसत नाही. तो पोस्टरसाठी, फॅशन शोसाठी, नाटकाच्या जाहिरातीसाठी असतो. आमच्या फोटोग्राफी क्लबमध्ये गेली दोन वर्षं हे खातं माझ्याकडे आहे. दर गॅदरिंगच्या आधी ज्युनिअर्स येतात, “ताई, शिकवा ना!” म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू.

मी पडले कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे ‘आयलिड’ला मराठीत काय म्हणायचं, इथपासून सुरुवात झाली. पापणी म्हणजे झाकण की केस, यावर रूमवर अर्धा तास वाद झाला. शेवटी तह असा झाला की या लेखात पापणी म्हणजे डोळ्याचं झाकण, आणि केसांना सरळ ‘पापण्यांचे केस’ म्हणायचं. डोळा उघडल्यावर पापणी जिथे दुमडते ती ‘घडी’. बस्स, एवढी परिभाषा पुरे!

थोडा इतिहास

डोळे रंगवणं काही नवं नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मॅलाकाइट दगडाची हिरवी पूड आणि गॅलेनाची काळी पूड डोळ्यांना लावत. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, तेव्हा हा प्रयोग इतिहासातच राहू द्या! आपल्याकडे कथकलीत हिरवा चेहरा आणि डोळ्यांच्या कडेला लांब ओढलेल्या काळ्या रेघा असतात. तेलाच्या समईच्या उजेडात लांब बसलेल्या माणसालाही डोळ्यांची हालचाल दिसावी, याची ती सोय. थोडक्यात, मेकअप कुठल्या उजेडात आणि किती अंतरावरून बघितला जाणार, यावर तो ठरतो. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६०च्या दशकात लंडनच्या ट्विगीने खालच्या पापणीवर केस रंगवून काढले, आणि आपल्याकडे शर्मिला टागोर यांच्या लांब लायनरची नक्कल घराघरांत झाली. १९७३ साली डेव्हिड बोवी या गायकाच्या ‘अलॅडिन सेन’ अल्बमच्या कव्हरवर चेहऱ्यावरून जाणारी लाल-निळी वीज झळकली. मेकअप पिएर लारोश यांचा, फोटो ब्रायन डफी यांचा. पन्नास वर्षांनंतरही लोक ती वीज गालावर काढतात! अलीकडे, म्हणजे २०१९ पासून, ‘युफोरिया’ या अमेरिकन मालिकेमुळे रंगीत रेघा आणि चमकते खडे कॉलेजच्या मुलामुलींपर्यंत पोचले. इतिहास संपला, आता कामाला लागू.

पापणी सपाट नाही!

पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ग्राफिक्स आठवा. ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’मध्ये सिलिंडर उलगडून सपाट करता येतो, कोनही उलगडता येतो, पण गोल काही केल्या उलगडत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट करून बघा, फाटणारच. आपला नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि पापणी त्याच्यावर ताणून बसलेली आहे. शिवाय डोळा उघडला की तिचा बराचसा भाग घडीत जातो.

म्हणून डोळा मिटून पट्टीसारखी सरळ काढलेली रेघ डोळा उघडल्यावर वाकडी होते किंवा गायबच होते. नवशिक्या मुली म्हणतात, “माझा हातच चांगला नाही.” हात चांगला असतो हो, फक्त व्ह्यू चुकीचा निवडलेला असतो! कॅमेऱ्याला दिसणार तो आपला फ्रंट व्ह्यू. मग खुणाही फ्रंट व्ह्यूमध्येच करायच्या, म्हणजे आरसा डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा, समोर सरळ बघायचं, चेहरा सैल सोडायचा आणि डोळा उघडा असताना ठिपके द्यायचे. भरण्याचं काम नंतर डोळा मिटून करता येतं.

यातूनच दुसरा नियम निघतो. आधी पोझ ठरवा, मग डिझाइन. मॉडेल कॅमेऱ्याकडे बघणार असेल तर आकार घडीच्या वर आणि डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला हवा. नजर खाली असेल तर पूर्ण पापणी हा आपला कॅनव्हास. घडी झाकणारे जड पापण्यांचे डोळे आपल्यात पुष्कळांचे असतात. त्यांच्यासाठी घडीच्या वर तरंगणारी रेघ म्हणजे वरदान आहे, कारण ती दोन्ही पोझमध्ये दिसते.

“मला नको, मला काजळच पुरे”

आता लेखाच्या गाभ्याकडे येते. क्लबच्या पोस्टरसाठी मी माझ्या रूममेटला मॉडेल हो म्हटलं. तिचं उत्तर वर लिहिलंय तेच. ती सावळी आहे. लहानपणापासून घरी, शेजारी, लग्नाकार्यात तिने एकच वाक्य ऐकलंय, “तुझ्या रंगाला फिकंच बरं दिसतं.” त्यामुळे तिच्या कपाटात सगळे कपडे बदामी, राखाडी आणि मातकट! आपल्या वर्गात अशा किती जणी आहेत, मोजून बघा. मुलगेही आहेत, ते फक्त बोलत नाहीत.

२०२० साली एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला. डोक्यातून तो निघायला वेळ लागेल. तोपर्यंत निदान फिजिक्स तरी बघू या.

रंग उठून दिसतो तो कॉन्ट्रास्टमुळे. लिंबूपिवळा, अबोली, फिरोजी हे उजळ रंग गोऱ्या त्वचेवर लावले तर मागचा पडदाही उजळच असतो, फरक कमी पडतो. तेच रंग सावळ्या त्वचेवर दिव्यासारखे पेटतात. पैठणी विणणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे. गडद जांभळ्या अंगाला पोपटी काठ उगाच देत नाहीत!

मग “शोभत नाही” असं का वाटतं? कारण दोन. एक, स्वस्त आयशॅडोत रंगद्रव्य कमी आणि टाल्कसारखी पांढरट भर जास्त असते. सावळ्या त्वचेवर ती भर राखेसारखी दिसते. दोष पावडरीचा, नाव मात्र त्वचेचं! दोन, पातळ रंग पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून जातो, त्वचेवर आपटतो, त्वचा त्यातला काही भाग शोषते आणि उरलेला परत येतो. म्हणून पातळ पिवळा तपकिरी त्वचेवर शेवाळी दिसतो.

उपाय सोपा आहे. रंगाखाली अपारदर्शक पांढरा थर द्यायचा. पांढऱ्या पेन्सिलीत किंवा पेंटमध्ये बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतो. त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २.५ ते २.७, आणि तो ज्या तेला-मेणात कालवलेला असतो त्याचा सुमारे १.५. इतका फरक असल्यामुळे प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि त्वचेपर्यंत फारसा पोचतच नाही. भिंतीला रंग देण्याआधी प्रायमर मारतात ना, अगदी तेच. मात्र हा पांढरा थर आकाराच्या आतच ठेवायचा. बाहेर पसरला की कडा राखट झाल्याच म्हणून समजा.

रूममेटला शेवटी तयार केलंच. मोरपंखी पापणी आणि वर लिंबूपिवळी रेघ. पोस्टर लागल्यावर तिने एक प्रिंट घरी पाठवली. काकूंचा फोन आला, “तो पिवळा ड्रेस मावशीला देऊन टाकला होता ना, तो परत मागवू का गं?” आमच्या क्लबला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस आहे.

डोळ्यांत रंग जाण्याआधी...

डिझाइन बिघडलं तर पुसता येतं, डोळा बिघडला तर नाही. डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. म्हणून हे नियम आधी पाठ करा.

• पोस्टर कलर, ॲक्रिलिक, फॅब्रिक पेंट, होळीचा रंग आणि मार्कर हे डोळ्यांजवळ कधीही नाही. “फक्त पाच मिनिटांसाठी” सुद्धा नाही!

• हस्तकलेची चमकी नको. ती ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे कापलेले तुकडे असतात आणि कडा धारदार असतात. कॉर्नियावर ओरखडा येऊ शकतो.

• डबीवरची बारीक अक्षरं वाचा. काही भडक गुलाबी, लाल आणि निऑन रंगांवर डोळ्यांजवळ वापरू नये असं छापलेलं असतं. अमेरिकेत तर डोळ्यांभोवती वापरायच्या रंगद्रव्यांची वेगळी मान्य यादीच आहे. असा रंग गालावर किंवा कपाळावर वापरा.

• बिननावाचं काजळ-सुरमा नको. भारतात सौंदर्यप्रसाधनांना रंग येण्यासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्याने बंदी आहे, पण बिननावाच्या डबीची तपासणी कोण करणार?

• एकीचा लायनर दुसरीला नाही. २०२३च्या जुलैमध्ये आळंदी आणि पुणे परिसरात डोळ्यांची साथ आली होती, आठवतंय? ग्रुप शूट असेल तर रंग स्वच्छ थाळीत काढून घ्या आणि प्रत्येकीला वेगळा ब्रश द्या. पेन्सिल दोघींत वापरावीच लागली तर मध्ये टोक काढा आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. डोळे आलेले असतील तर त्या दिवशी शूट रद्द!

• कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढायच्या.

• चुरचुरलं, पाणी यायला लागलं की लगेच थांबा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. दुखणं किंवा धूसर दिसणं थांबलं नाही तर डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

कृती : मोरपंखी पापणी, लिंबूपिवळा काठ

सामान : कन्सीलर, पांढरी आय पेन्सिल, पाण्याने भिजवून लावायचा लायनर मोरपंखी आणि पिवळ्या रंगात (डोळ्यांसाठी असलेला), एक बारीक टोकदार ब्रश, एक लहान चपटा ब्रश, मस्कारा, इअरबड, मेकअप रिमूव्हर आणि कागदाची एक पट्टी.

१. चेहरा धुऊन टिपून घ्या. पापणीवर तेलकटपणा राहू देऊ नका, तेलावर रंग टिकत नाही. कन्सीलरचा अगदी पातळ थर द्या आणि वर किंचित पावडर टिपा.

२. डोळे उघडे ठेवून समोर बघा. पहिला ठिपका बाहेरच्या बाजूला. खालच्या पापणीची रेघ भुवईच्या टोकाकडे तशीच पुढे नेली तर जिथे जाईल तिथे, कोपऱ्यापासून साधारण दीड सेंटिमीटरवर. दुसरा ठिपका बुबुळाच्या बरोबर वर, घडीच्या थोडा वरती. तिसरा आतल्या कोपऱ्याच्या वर.

३. आता कागदाची पट्टी ठिपक्यांना लावून अंतरं तिच्यावर टिपून घ्या, आणि तीच पट्टी उलटी फिरवून दुसऱ्या डोळ्याला लावा. कंपास पेटीतला डिव्हायडर डोळ्याजवळ नेऊ नका, हात जोडून विनंती! आणखी एक. आपला चेहरा मुळातच तंतोतंत सिमेट्रिक नसतो. पट्टी एक सांगते आणि आरसा दुसरं, असं झालं तर आरशाचं ऐका.

४. ठिपके जोडा. आरसा खाली धरून हनुवटी वर केली की पापणी न ताणता दिसते. करंगळी गालावर टेकवा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे कलाकार बघा, त्यांचाही हात हवेत नसतो, तो टेकलेला असतो. एका दमात लांब रेघ ओढण्यापेक्षा छोटे छोटे फटकारे मारून ते जोडा.

५. पापणीपासून विंगच्या टोकापर्यंतचा आकार आतून पांढऱ्या पेन्सिलीने भरा आणि बोटाने टिपून एकसारखा करा.

६. मोरपंखी रंग भिजवा. दाटपणा साईच्या दुधासारखा हवा. पाणी जास्त झालं तर ओघळतो, कमी झालं तर तडकतो. पहिला थर पातळ, तो वाळला की दुसरा. एकच जाड थर दिला तर पापणी मिटताना भेगा पडतात. जाड प्लॅस्टर तडकतं तसंच हे.

७. घडीच्या वरच्या ठिपक्यांवरून पिवळी रेघ काढा, दोन मिलिमीटर जाड. मोरपंखी आणि पिवळ्याच्या मध्ये त्वचेची एक पट्टी मोकळी सोडा. मोकळी जागा हाही डिझाइनचाच भाग आहे.

८. कडा साफ करा. इअरबडला किंचित रिमूव्हर लावून कडेने फिरवा, मग चपट्या ब्रशने कन्सीलरची बारीक रेघ द्या. हौशी काम आणि प्रोफेशनल काम यांतला मुख्य फरक याच पायरीवर पडतो, कंटाळा करू नका.

९. केसांच्या मुळाशी बारीक काळी रेघ आणि मस्कारा. बाकी चेहऱ्याचं फाउंडेशन सगळ्यात शेवटी, कारण डोळ्यांचा रंग गालावर सांडतोच. ओठ साधे ठेवा. एका पोस्टरमध्ये दोन हीरो नकोत!

दोन्ही डोळ्यांना पाऊण तास धरा. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

आता कॅमेरा

इतकी मेहनत करून हॉस्टेलच्या ट्यूबखाली सेल्फी काढणार असाल तर तुम्हाला नमस्कार! स्वस्त ट्यूब आणि एलईडीच्या प्रकाशात लाल भाग बऱ्याचदा कमी असतो, त्यामुळे लाल-केशरी रंग मेल्यासारखे दिसतात. खिडकीजवळ या. थेट ऊन नको, उजेड हवा. खोलीतले दिवे बंद करा. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ड्रॉइंगची कोरी पांढरी शीट धरायला सांगा, झाला रिफ्लेक्टर! निऑन रंग तर फ्लुओरेसन्सने चमकतात. ते अतिनील आणि निळा प्रकाश घेऊन तो दुसऱ्या रंगात परत देतात, म्हणून दिवसाच्या उजेडातच त्यांची खरी मजा.

फोन नाकापासून फूटभर अंतरावर धरला तर नाक मोठं आणि डोळे लहान येतात. मीटर-दीड मीटर मागे जा आणि झूम दोनपट करा. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. ब्युटी फिल्टर बंद! तो त्वचा गुळगुळीत करताना तुमच्या रेघेची धारही पुसून टाकतो. सेन्सरच्या दर चार पिक्सेलपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. गडद लाल किंवा निळ्या रंगात बहुतेक सगळा प्रकाश एकाच चॅनेलवर येतो, ते चॅनेल आधी भरतं आणि फोटोत नुसता सपाट डाग दिसतो. म्हणून एक्स्पोजर थोडं खाली घ्या, पाव ते अर्धा स्टॉप. डीएसएलआर असेल तर एफ ८च्या आसपास ठेवा, म्हणजे दोन्ही डोळे शार्प येतील. आणि फ्लॅश वापरणार असाल तर टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन त्या दिवशी टाळा, चेहरा भुतासारखा पांढरा येतो.

तीन फोटो तरी काढाच, एक समोर बघताना, एक नजर खाली असताना, एक तिरप्या कोनातून. प्रत्येकात डिझाइन वेगळं दिसेल, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

जाता जाता

मैत्रिणींनो (आणि धीट मित्रांनो!), मेकअप म्हणजे वेळ घालवायचं साधन, असं म्हणणारे भेटतील. त्यांना हा लेख वाचायला द्या. पॅट मॅक्ग्रा या कृष्णवर्णीय ब्रिटिश बाईंनी याच रंगांवर एवढं काम केलं की २०२१ साली ब्रिटनने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला. आपल्याला किताब नको, एक चांगलं पोस्टर पुरे.

आणि यंदाच्या गॅदरिंगला कुणी म्हणाली, “मी सावळी आहे, मला भडक रंग नको,” तर तिच्याशी वाद घालत बसू नका. तिला खिडकीजवळ बसवा, पांढरी पेन्सिल काढा आणि पिवळा रंग भिजवायला घ्या. उरलेलं आरसा सांगेल.

हॅपी पेंटिंग! आणि हो, झोपण्याआधी मेकअप पूर्ण उतरवायचा, बरं का!